परतीची दहा मिनिटं

२१ जानेवारी

तारीख मिळाली. ६ मार्च, गुरुवार, बुखारेस्ट. वालेरियू साहेबांनी स्वतः माझ्या टेबलाशी येऊन सांगितलं आणि वर खांद्यावर हात ठेवला. साहेब कुणाच्या खांद्यावर हात ठेवायला आलेले मी आजवर पाहिले नव्हते. 

जिल्ह्यातल्या सगळ्या इस्पितळांच्या नेटवर्कचं काम आमच्या गलात्सच्या ऑफिसकडे आहे. अट एकच: ऑफिसात एक तरी माणूस नेटवर्कची मोठी, हाताने काम करून द्यायची परीक्षा पास झालेला हवा. होरिया होता. होरिया पानगळीबरोबर म्युनिकला गेला. एकतीस मार्चपर्यंत दुसरा कुणी पास झाला नाही, तर काम बुखारेस्टच्या मुख्य ऑफिसकडे आणि आमच्या दाराला कुलूप. लेखी परीक्षा मी ऑक्टोबरात हौसेने देऊन ठेवली होती. हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्या हौसेचं मोल सहा जणांची नोकरी.

"सगळं तुझ्यावर आहे" असं साहेब म्हणाले असते तरी चाललं असतं. ते म्हणाले, "अगदी मजेत दे गं परीक्षा, ओतिलिया." म्हणजे किती वाईट परिस्थिती असेल!

हे मी लिहून ठेवणार आहे. आईला सांगितलं की ती घाबरते, मग माझी भीती बाजूला ठेवून तिला धीर देत बसावं लागतं. कागदाला धीर द्यावा लागत नाही.

२४ जानेवारी

परीक्षेचे दोन भाग. सकाळी दोन तास बिघाड शोधायचे, दुपारी पाच तास कोरं नेटवर्क उभं करायचं. दोन्ही भागांत वेगवेगळं पास व्हावं लागतं. दुपारचं मला जमतं. मी संथ आहे पण नीट आहे. सकाळच्या भागात दहा तक्रारी असतात, त्यांना तिकिटं म्हणतात. "या टोकाचा संगणक त्या टोकाच्या सर्व्हरपर्यंत पोचत नाही, बघा." बिघाड कुणीतरी मुद्दाम, विचार करून, तुम्हाला फसवायला केलेला असतो. घड्याळ चालू असतं. दहापैकी आठ सुटली नाहीत तर घरी.

हा सकाळचा भाग रेलूकाकांनी अंगावर घेतला.

रेलूकाका एकोणसाठचे, ऑफिसात सगळ्यांत वडील. मी विशीत असताना त्यांनी मायक्रो-१९ वस्तीत स्वतःचं नेटवर्क चालवलं होतं. या इमारतीच्या गच्चीवरून त्या इमारतीच्या गच्चीवर, चिनारांच्या शेंड्यांवरून केबल, आणि लिफ्टच्या मशीनखोलीत पत्र्याच्या पेटीत राउटर. मी त्यांची शिडी धरत असे. असली वस्तीची नेटवर्कं तेव्हा गावोगाव होती. पुढे मोठ्या कंपन्यांनी सगळी गिळली.

मागच्या खोलीत सरावाचे जुने राउटर लावून ठेवलेत. ते संध्याकाळी जाताना तिथे बिघाड करून ठेवणार, मी सकाळी कामाआधी येऊन शोधणार.

"पास झालीस की मी याच खुर्चीतून निवृत्त होतो," ते म्हणाले. "नाही झालीस तर मला कोण घेणार? संग्रहालयवाले?"

ते स्वतःच हसले. मला हसू आलं नाही.

३० जानेवारी

पहिल्या तिकिटातच अब्रू गेली. मी राउटर उघडला, एक सेटिंग विचित्र दिसलं, दुरुस्त केलं. दुसरं विचित्र दिसलं, तेही केलं. पाऊण तासाने नेटवर्क आधीपेक्षा जास्त आजारी पडलं होतं.

"तू डॉक्टर आहेस की न्हावी?" रेलूकाका म्हणाले. "दिसला केस की लाव कात्री! त्या दोन गोष्टी विचित्रच होत्या, पण चालत होत्या. विचारलं होतं का तुला त्यांच्याबद्दल?"

"नाही."

"मग? तिकीट दोनदा वाच. हात पाठीमागे बांध आणि आधी नुसतं बघ. कुठपर्यंत पोचतंय, कुठून पुढे पोचत नाही. रस्ता अर्ध्यावर तोड. मध्यावर उभी राहा आणि दोन्हीकडे हाक मार. ज्या बाजूने उत्तर येतं ती बाजू सोडून दे. मग उरलेल्याचा मध्य. बायको हरवली तर माणूस काय सगळ्या गावाची दारं ठोठावतो? आधी तिच्या बहिणीकडे जातो."

खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही. हात पाठीमागे ठेवून नुसतं बघत बसणं मला सहन होत नाही. बघत बसलं की भीती वाढते. काहीतरी बदललं की तेवढा वेळ ती गप्प बसते.

६ फेब्रुवारी

आज तीनपैकी तीन. एकात माहितीची छोटी पाकिटं जात होती, मोठी मध्येच अडकत होती. एकात दोन राउटरना एकच ओळख क्रमांक दिला होता आणि बाकीचे बिचारे गोंधळून गेले होते. हा मी नीट चालणाऱ्या राउटरच्या जोडीशी ताडून पाहिला आणि सापडला. रेलूकाका म्हणाले, "हा बिघाड मला स्वतःला सुचायला दोन संध्याकाळी लागल्या, आणि तू कॉफी संपायच्या आत सोडवलास. कृतघ्न बाई."

ऑफिसातले लोक माझ्याशी मी गरोदर असल्यासारखे वागतात. मिरेला रोज काहीतरी डब्यातून आणते. आज पाव आणि त्याला लावायला वांग्याची झाकुस्का. दानूत्स माझ्यामागची खिडकी लावतो, वारा लागून मान धरेल म्हणून. घरी आईही तेच करते. गलात्समधल्या सगळ्या खिडक्या माझ्यासाठी बंद होणार असं दिसतंय. ही माया मला चावते. माझ्याशी जरा कुणी भांडेल तर बरं वाटेल.

मिरेला हल्ली जेवणाच्या सुट्टीत कानाला इअरफोन लावून जर्मन शिकते. गाणी समजायला हवीत म्हणे. या वयात नवीन छंद लागणं ही मोठी गोष्ट आहे.

१२ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा होणार नाही.

चार तिकिटं होती. चारही सोडवली, वेळ उरला. रेलूकाकांना हाक मारली. ते कॉफी घेऊन आले, तपासू लागले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत दुसरं आणि चौथं तिकीट पडलं. मधला राउटर आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू झाला होता, आणि उठला तो जुन्याच सेटिंगनिशी. माझं काम पुसलं गेलं.

रेलूकाकांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि इतके हसले की कॉफी स्वेटरवर सांडली.

"अगं ओती! गच्चीवरची पेटी! अजून?"

हो, अजून. वस्तीच्या नेटवर्कच्या दिवसांतली ही युक्ती. दूरच्या गच्चीवरच्या राउटरमध्ये आपण घरी बसून काही बदलायला जातो, एक चूक झाली की तो आपलंच दार लावून घेतो. मग लिफ्ट बंद, दहा मजले चढा, किल्ली ज्या बाईकडे ती बाई चर्चला गेलेली. म्हणून रेलूकाकांनी शिकवलं होतं: धोक्याचा बदल करण्याआधी राउटरला सांगून ठेवायचं, दहा मिनिटांनी आपणहून रीस्टार्ट हो. आपण बाहेर अडकलो तर दहा मिनिटांनी तो जुन्या स्थितीत परत येतो, दार उघडं. सगळं ठीक झालं तर रीस्टार्ट रद्द करायचा आणि मगच सेव्ह करायचं. त्या युक्तीने आमचे गुडघे वाचले.

आज मी ती वापरली हे मला माहीतच नव्हतं. बोटांनी परस्पर केलं. आणि रद्द करायचं राहिलं.

हसून झाल्यावर रेलूकाकांनी कप बाजूला ठेवला. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. "हे बघ. परीक्षेतला राउटर गच्चीवर नसतो. तुझ्यासमोर पडद्यावर सगळ्या राउटरांच्या खिडक्या उघड्या असतात. तू बाहेर अडकूच शकत नाहीस. ही युक्ती तिथे नुसती सुरी आहे, आणि पातं तुझ्याकडे."

"कळलं."

"कळलं नको. सोड."

त्यांचा आवाज कापत होता. कॉफीने भाजलं असावं.

१९ फेब्रुवारी

सोडायला गेले आणि कळलं की ती सवय नाही, कठडा आहे. दहा मिनिटांची दोरी न बांधता बदल करायचा म्हटलं की तळहात ओले होतात. मी टाइप करते, पुसते, पुन्हा टाइप करते. एका तिकिटाला अर्धा तास. रेलूकाका शेजारी बसून मोजल्यासारखी माझी बोटं बघतात. काल त्यांनी माझ्या उजव्या मनगटाला लोकरीचा धागा बांधला. हात दोरीकडे गेला की धागा दिसेल, आठवेल. मला धागा दिसतो आणि आणखी भीती वाटते.

आयुष्यात मी परतीची वाट न ठेवता काही केलेलं आठवत नाही. लग्न केलं तेव्हासुद्धा आईकडची खोली रिकामी करू दिली नाही. आईने तेव्हा म्हटलं होतं, "पोरी, पलंग ठेवलास तर परत येशील." आले.

हे परीक्षेशी संबंधित नाही.

२४ फेब्रुवारी

दोरीशिवाय सलग पाच तिकिटं. रेलूकाकांनी माझ्या कपाळावर ओठ टेकवले आणि दृष्ट लागू नये म्हणून जमिनीकडे तोंड करून थू थू केलं. "झालं," म्हणाले. "आता निवांत मरायला हरकत नाही."

मी त्यांना सांगितलं नाही, पण पाचपैकी तिसऱ्यात मी दोरी बांधली होती. ते कॉफी आणायला गेले तेवढ्यात. वेळेत रद्द केली, सेव्ह केलं, कुणाला कळलं नाही. एवढ्याशाने काय होतं? माणूस पूर्ण सोडण्याआधी एखादी ओढतोच.

३ मार्च

आजपासून ईस्टरचा उपास सुरू. एक मार्चला, शनिवारी, द्यायचे राहिलेले लाल-पांढऱ्या दोऱ्यांचे मार्त्सिशोर सगळ्यांनी आज दिले. माझ्या कोटावर इतके गोंडे टोचले की मी सजवलेल्या घोडीसारखी दिसत होते. मग दरवर्षीप्रमाणे दिवस निवडण्याचा गोंधळ. मार्चच्या पहिल्या नऊ दिवसांतला एक दिवस बाईने आपला म्हणायचा, त्या दिवशी जशी हवा तसं तिचं वर्ष. मिरेलाने नऊ तारीख घेतली, तेव्हा उबदार असतं म्हणून. मला काही निवडायचं नव्हतं. सहा घेतली आणि पाऊस पडला तर? सहा सोडली आणि ऊन पडलं तर?

"सहाच घे," रेलूकाका म्हणाले. "एकाच दिवशी दोन भित्या उरकून टाक."

घेतली.

४ मार्च

दानूत्स दाढी करून, इस्त्रीचा शर्ट आणि सूट घालून आला आणि दुपारी गेला. चुलत भावाचं लग्न, कॉन्स्तांत्साला. उपासाच्या दिवसांत चर्चमध्ये लग्न कसं लागतं हे मी विचारणार होते, पण त्याने जाताना माझी खिडकी पुन्हा नीट लावून घेतली आणि मला इतकं भरून आलं की राहिलं. सूट त्याला शोभतो. साहेबही म्हणाले, "छान, छान, वेळेवर पोच," आणि दारापर्यंत सोडायला गेले. आमच्या ऑफिसात किती जिव्हाळा आहे, आणि तो माझ्या दोन हातांवर टांगलेला आहे.

५ मार्च

बुखारेस्ट. आईने डबाभर उपासाचे सार्माले दिले, कोबीच्या पानात भात गुंडाळून केलेले. गाडीत घास उतरला नाही.

निघताना रेलूकाका स्टेशनवर आले होते. बोलावलं नव्हतं. बोलले फार कमी. गाडी हलताना म्हणाले, "दहा मिनिटांत सुटलं नाही तर सोडून पुढचं घे. सुटलं की लगेच सेव्ह. आनंद नंतर कर." हात हलवायच्या ऐवजी त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून दाखवले आणि तसेच उभे राहिले. फलाटावरचे लोक बघत होते.

हॉटेलच्या खोलीत मला एकच विचार येतो आहे. मी ऑफिसात कुणालाही "मला जमणार नाही" असं म्हटलेलं नाही. जानेवारीत म्हटलं असतं तर साहेबांनी दुसरं कुणी शोधलं असतं. म्हणायला मी घाबरले.

६ मार्च

नॉर्द स्टेशनवर गाडीची वाट बघत लिहिते आहे. ऊन आहे. दिवसभर लख्ख ऊन होतं.

सकाळी आम्ही पाच उमेदवार. परीक्षक बाईंनी हवेसाठी खिडकी उघडली. त्या वळताच एका गृहस्थाने उठून ती लावली आणि आम्ही बाकीच्यांनी त्याच्याकडे कृतज्ञतेने पाहिलं. तेवढंच काय ते सुख.

पहिली पाच तिकिटं मी सोडवली. रेलूकाका कानात बोलत होते. दोनदा वाच, मध्यावर उभी राहा. तिसरं अवघड होतं, पण सुटलं. सहाव्यात दूरच्या टोकाच्या राउटरवर एक गाळणी लावलेली होती आणि ती नको त्याला अडवत होती. गाळणीला हात लावायचा म्हणजे धोका. गच्चीवर असताना माझं दार नेहमी गाळणीनेच लागायचं. मला माहीत होतं की हा राउटर गच्चीवर नाही. मी ते स्वतःला सांगितलं. ते सांगत असतानाच बोटांनी लिहून टाकलं: दहा मिनिटांनी रीस्टार्ट. राउटर विचारतो, आधीचं सेव्ह करायचं का? नाही. मग लगेच गार वाटलं, आणि त्या गारव्यात मी चार मिनिटांत गाळणी नीट केली. सर्व्हरने उत्तर दिलं. मला इतका आनंद झाला की मी सरळ सातव्यावर गेले.

रद्द केलं नाही. सेव्ह केलं नाही. तिसऱ्या तिकिटाचं कामही त्याच राउटरवर होतं आणि तेही सेव्ह नव्हतं, कारण दोरीच्या सवयीने सेव्ह मी नेहमी अगदी शेवटी करते.

सातवं सुटलं. आठव्यात एक बदल केला आणि सगळी तिकिटं पुन्हा तपासली, रेलूकाकांनी शिकवल्याप्रमाणे. तिसरं पडलेलं. सहावं पडलेलं.

राउटर रीस्टार्टचा इशारा देतो, पण त्याच्या स्वतःच्या खिडकीत देतो, आणि मी दुसऱ्या खिडकीत होते. मला वाटलं, आठव्यातल्या बदलाने हे झालं. बदल उलटवला तरी ती दोन पडलेलीच. मग सातव्यातला बदल उलटवला. तो बरोबर होता. हातांनी चांगलं काम उसवत होते आणि छाती इतकी धडधडत होती की पडद्यावरची अक्षरं हलत होती. मला वाटलं मी इथेच मरेन आणि आईला फोन कोण करेल.

मग ती खिडकी दिसली. राउटर नुकताच उठला होता, सकाळचा, ताजा, काही न झाल्यासारखा.

बारा मिनिटं होती. सहावं पुन्हा केलं, सेव्ह केलं. सातवं पुन्हा केलं. तिसऱ्यात मी नेमकं काय केलं होतं ते आठवेना. आठवं अर्धं राहिलं. नववं आणि दहावं मी उघडलंच नाही.

दुपारचा भाग गमतीशीर गेला. भीती कुठेच नव्हती. पाच तास मी एखाद्या दुसऱ्याच बाईसारखं काम केलं, एकदाही परतीची दोरी बांधली नाही, आणि सगळं पहिल्या फटक्यात उभं राहिलं.

७ मार्च

निकाल सकाळीच मेलवर आला. सकाळचा भाग: नापास. दुपारचा भाग: पास, भरपूर गुण. एकूण: नापास. मेलच्या वरती माझ्या पत्त्याशेजारी कंपनीचाही पत्ता होता. नाव त्यांनीच नोंदवलं होतं म्हणून असेल. महिनाअखेरपर्यंत दुसरी तारीख नाही, मी पाहिलं.

साहेबांना फोन केला. "नापास," एवढंच मी म्हणाले.  ते म्हणाले, "तू जेवलीस का?" आणि मी रडले.

आई म्हणते, वाऱ्याने झालं. त्या हॉलमध्ये कुणीतरी खिडकी उघडली असणार. मी म्हटलं, हो, उघडली होती. तिला बरं वाटलं.

दिवसभर मी गुणांचा विचार करत नाहीये. रेलूकाकांचा विचार करते आहे. सहा आठवडे त्या माणसाने रोज संध्याकाळी थांबून माझ्यासाठी बिघाड बनवले. सकाळचा भाग त्यांचा होता. आणि मी मेले ती त्यांनीच शिकवलेल्या युक्तीने. हे त्यांना कळलं तर? सोमवारी ते विचारणार. न विचारता राहणार नाहीत. परीक्षेआधी मला जी भीती वाटत होती ती या भीतीपुढे काहीच नव्हती.

१० मार्च

ऑफिसच्या जिन्यात मी थांबले. वर जाऊन काय म्हणायचं ते पाठ केलं.

कुणी रागावलं नाही. मिरेलाने मिठी मारली आणि म्हणाली, "ओती, तू उगाच जिवाला लावून घेऊ नकोस, सगळं होतं नीट." दानूत्सने खुर्ची पुढे केली. एवढी मोठी बातमी त्यांनी फार शांतपणे घेतली. माणसं किती धीराची असतात. मी असते तर कोसळले असते.

रेलूकाका साहेबांच्या खोलीत होते. बाहेर आले तेव्हा वाचायचा चष्मा नाकावरच होता. मला बघून त्यांनी तो घाईने काढला आणि स्वेटरला पुसत राहिले.

"आलीस? बस. पाणी पी." मग जरा वेळाने, "कुठला भाग गेला गं?"

"दुपारचा," मी म्हटलं.

"दुपारचा?"

"दुपारचा. वेळच पुरला नाही. तुम्हाला माहीत आहे मी किती संथ आहे ते."

ते चष्मा पुसत होते. "आणि सकाळचा?"

"सकाळचा झाला. दहापैकी नऊ."

"नऊ."

"आठवं राहिलं."

"आठवं नेहमी अवघड असतं," ते म्हणाले. मग खाली बघत, "आणि ती गच्चीवरची दोरी?"

"एकदाही नाही. तुम्ही सोडवलीत ना."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, पकडली गेले. पण मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी शिडी धरायचे तेव्हा ते ठेवायचे तसा. "शाब्बास," म्हणाले. "दुपारचं मला काही कळत नाही. तिथे मी तुझ्या काही उपयोगाचा नव्हतो."

आणि मागच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. मी उठले तशी मिरेलाने माझी बाही धरली. "राहू दे त्यांना," ती म्हणाली. राउटर आवरत असतील. आवाज मात्र बराच वेळ आला नाही.

आई म्हणते मला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. आज जमलं. त्यांना समाधान वाटलं, मी डोळ्यांनी पाहिलं.

२८ मार्च

ऑफिसचा शेवटचा दिवस. साहेबांनी वाइन आणली.

देवाची कृपा म्हणायची, सगळ्यांना इतक्या पटकन कामं मिळाली. दानूत्स सोमवारपासून कॉन्स्तांत्साच्या बंदरात. मिरेला न्युरेंबर्गला जाते, तिचं जर्मन असं नेमकं कामाला आलं. साहेबांना मुख्य ऑफिसने बोलावलंय. माझं अजून ठरत नाही, पण दुपारच्या गुणांवरून बुखारेस्टच्या एका बाईंनी नोकरीसाठी फोन केला होता. मी विचार करते म्हटलं.

जाताना रेलूकाकांना विचारलं. हाच प्रश्न मी दोन आठवडे टाळत होते.

"मी? माझं कधीच ठरलंय," ते म्हणाले. "ब्रायलाला. भावाचं दुकान आहे. संगणक, बिलं, सगळं मीच बघायचं."

"भाऊ? तुम्हाला भाऊ आहे?"

"आहे तर."

"वीस वर्षांत कधी बोलला नाहीत!"

"बोलण्यासारखा नव्हता," ते म्हणाले. "आता सुधारलाय."

"कसलं दुकान?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोर रस्त्यापलीकडे चपलांचं दुकान आहे. "चपलांचं," म्हणाले. "तू त्या बुखारेस्टच्या बाईंना हो म्हण. आजच. विचार करते म्हणू नकोस."

मी जिन्यातूनच फोन केला आणि हो म्हटलं. ब्रायला जवळच आहे, अर्ध्या तासावर, बसही आहेत. त्यांना भाऊ आहे हे ऐकून जिवात जीव आला. सगळ्यांत जास्त काळजी मला त्यांचीच होती.